आंदणाचा फ्रीज

सकाळचा चहा झाल्यावर मायने खोबरेल तेलाची बाटली माझ्यापुढे ठेवली, बाजूला आप्पांच्या जुन्या बनियनच्या चिंध्या टाकल्या आणि म्हणाली, "ते स्टिकर काढी टाक समदा. चार वाजाले धानोराना लोके येतीन." मी म्हटलं, बरं. ती दारापर्यंत गेली, परत फिरली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. "आन् दुपारनी गाडीमा बठीसन तू मामाना गावले जाय, प्रकाशाले. त्या गयात का मी फोन करसू, मंग ये." बोलताना ती माझ्याकडे नाही, फ्रीजकडे बघत होती. मी पुन्हा म्हटलं, बरं. आमच्या घरात बरं म्हणणारं माणूस शहाणं, आणि मी सुरतहून परत आल्यापासून फारच शहाणी झाले आहे.

धानोऱ्याचे लोक रुपाच्या लग्नाची तारीख काढायला यायचे होते. रुपा माझी धाकटी बहीण. मुलाचं शहाद्याला औषधांचं दुकान आहे, पसंती झाली आहे, आणि दोघं रोज फोनवर बोलतात. रुपा गच्चीवर जाऊन बोलते, पण ती हसली की खाली स्वयंपाकघरात ऐकू येतं. तसं हसणं मला कधी जमलं नाही, म्हणून मला ते फार आवडतं. भाकरी थापता थापता माझा हात थांबतो आणि मी ऐकत राहते. तर हे हसणं टिकलं पाहिजे, यावर घरात कुणाचंच दुमत नाही. माझंही नाही. मायने धानोऱ्याच्या लोकांना सांगून ठेवलं आहे की मोठी मुलगी सुरतला असते, सुखात आहे, दिवाळीला येऊन जाते. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत मी बसले आहे आणि मला आतून श्वास घ्यायला जागा नाही, एवढीच काय ती तक्रार, आणि तीही मी कुणाजवळ केलेली नाही.

हॉलमध्ये भिंतीला लागून सगळं मांडून ठेवलं होतं. फ्रीज, मिक्सर, ओव्हन, पाण्याचा फिल्टर, गॅसची शेगडी. सगळं स्टीलचं, चकचकीत. काल रात्रीपर्यंत हे मागच्या खोलीत जुन्या चादरींखाली होतं. मायने आप्पांना हाताशी घेऊन ते पुढे आणलं, कारण येणाऱ्यांच्या नजरेस पडलं पाहिजे, आणि आप्पा सकाळीच शेतावर निघून गेले, कारण त्यांना नजरेस पडायचं नव्हतं. हे रुपाचं आंदण. म्हणजे होतं माझं. आमच्याकडे लग्नात आंदणाच्या वस्तू मांडवात मांडतात आणि प्रत्येकीवर स्टिकर असतं, सोनेरी कागदावर लाल अक्षरं, वर चि. सौ. कां. आणि मुलीचं नाव, खाली देणाऱ्याचं. जेवणं झाली की बायका नाकाला पदर लावून एकेका वस्तूसमोर उभ्या राहतात, वाचतात, पुढे सरकतात. कुणी काय दिलं, कुणी हात आखडला, सगळं तिथेच कळतं. माझ्या वस्तू मांडवातून सुरतला गेल्या, आणि दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं बसली आणि फारकत झाली तेव्हा टेम्पोतून परत आल्या, त्या स्टिकरांसकट. त्यांच्या बऱ्याच आधी मी आले होते. मला उतरवून घ्यायला कुणी रस्त्यावर आलं नव्हतं, फ्रीजला मात्र सहा माणसं धावली.

मी आधी ड्रायर आणला. स्टिकर काढायचं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, माय तारेची घासणी घेऊन बसली असती. ऊन हवा द्यायची, कडा मऊ झाली की नखाने कोपरा उचलायचा, आणि ओढायचं नाही, हळूच सोलत आणायचं, जखमेवरची पट्टी काढतात तसं. फ्रीजच्या दारावरचं स्टिकर सगळ्यात मोठं. सुपडूमामाचं. मामाने ते स्वतः चिकटवलं होतं. मांडवात सगळे जेवायला बसले होते आणि मामा एकटाच फ्रीजसमोर उभा राहून तळहाताने ते दाबत होता, मधून बाहेर, मधून बाहेर, हवेचा एक बुडबुडा राहू देत नव्हता. मी हळदीच्या साडीत खिडकीतून बघत होते. त्याने मागे सरकून पाहिलं, मान वाकडी केली, परत पुढे येऊन एक कोपरा अंगठ्याने दाबला. मला तेव्हा वाटलं होतं की माझं सगळं नीट होणार. अंगठ्याने दाबलेल्या कोपऱ्यावरून असं काही वाटावं, म्हणजे मीही धन्य. पण वाटलं होतं खरं, आणि आज तोच कोपरा नखाखाली आला तेव्हा तो सोडून मी दुसरा धरला.

कागद निघतो, डिंक राहतो. सोनेरी कागद लांब पट्टीसारखा सुटून आला आणि माझ्या मनगटाला चिकटून बसला, पण दारावर राखाडी चिकट चौकोन राहिला. त्यावर तेल ओतलं आणि मी वाट बघत बसले. तेलाला वेळ द्यावा लागतो. ते खाली ओघळतं, चिंधीने वर घ्यायचं, परत ओघळतं. खिडकीतून मिरचीचा वास येत होता. या दिवसांत गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि वारा फिरला की सगळं नंदुरबार खोकतं. सुरतला असताना मला कधी कधी दुपारी उगाच खोकला यायचा, तिथे मिरची नव्हती, काही नव्हतं, चौथ्या मजल्यावरचं बंद घर होतं. सासू म्हणायची डॉक्टरला दाखव. मी म्हणायचे, आपोआप जाईल. मला तो जायला नको होता. खोकला आला की डोळे मिटायचे आणि डोळ्यांपुढे लाल पथारी पसरायची, तिच्या कडेने बायका वाकून चालायच्या, नाकातोंडाला फडकी बांधलेल्या, आणि त्यांच्यातली एक मान वर करून माझ्याकडे बघायची. कोण होती कोण जाणे. ओळखीची वाटायची.

घासलेल्या स्टीलमध्ये माणूस दिसत नाही, माणसाचा रंग दिसतो. माझा ड्रेस पिवळा होता तर दारात एक पिवळं काहीतरी हलत होतं, वर काळसर, मधे हाताचा सावळा पट्टा. मी डावीकडे झुकले की तेही झुके, पण जरा उशिरा, असं मला वाटायला लागलं. मग मी मुद्दाम झुकून पाहिलं. लहानपणी प्रकाशाला मामाकडे गेलो की आम्ही तापीच्या घाटावर पायरीला धरून पाण्यात उताणे पडायचो, कान पाण्याखाली. वर देवळाची घंटा वाजायची ती खूप लांबून आल्यासारखी, आणि माय काठावरून हाका मारायची तिचं फक्त तोंड हलताना दिसायचं. रुपा भित्री, ती पायरीवर बसून माझी वेणी मुठीत धरून ठेवायची, मी वाहून जाऊ नये म्हणून. मला वाहून जावंसं वाटायचं. फार लांब नाही, पुढच्या पायरीपर्यंत. फ्रीजसमोर बसल्या बसल्या कानात तसंच पाणी भरल्यासारखं झालं. स्वयंपाकघरात माय डबे वाजवत होती, रुपा तिला काहीतरी विचारत होती, आणि ते सगळं पाण्याच्या वर चाललं होतं.

सुरतच्या त्या घरात मी मिक्सरचं स्टिकर काढायला घेतलं होतं एकदा. नवीनच होते, हौस होती. सासूने हातावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे व, लोकेसले दिसू दे." ती काही वाईट नव्हती, आमच्याच बाजूची, तळोद्याकडची. तिला वाटे पाहुण्यांनी वाचावं, सुनेच्या मामाने केवढा फ्रीज दिला ते. म्हणून मग घरभर माझं नाव होतं. पाणी प्यायला गेलं की फिल्टरवर काजल, शेगडीवर काजल, ओव्हनच्या दारावर काजल. आणि फ्रीज उघडायचा तर विचारून, कारण दूध किती काढायचं ते सासू ठरवायची. मला याचं हसू यायचं. मी एकटीच हसायचे, भिंतीकडे तोंड करून, आणि मग भीती वाटायची की आपण असं हसतो हे बरं नाही.

भूपेंद्रविषयी, म्हणजे माझ्या नवऱ्याविषयी, लोकांना काय सांगावं हे मला कधी कळलंच नाही. तो मारत नव्हता. पीत नव्हता. कापडाच्या बाजारात नोकरी, वेळेवर जायचा, वेळेवर यायचा, जेवायचा, टीव्ही लावायचा. मला हाक मारायची तर म्हणायचा, ऐक. किंवा नुसता दाराच्या चौकटीवर बोट वाजवायचा. एकदा उन्हाळ्यात तो फ्रीजसमोर उभा राहून बाटलीने पाणी पीत होता, उघडाच, पाठीवर घाम, आणि पिता पिता त्याने दारावरचं वाचलं, मोठ्याने, रस्त्यावरून जाताना माणूस दुकानाची पाटी वाचतो तसं. चि. सौ. कां. काजल. मी मागे कणीक मळत होते. दोन वर्षांत त्याच्या तोंडून माझं नाव मी तेवढंच ऐकलं. मी ओ दिली. त्याला कळलंच नाही मी कशाला ओ दिली. तो बाटली ठेवून निघून गेला, आणि मी परत कणीक मळायला लागले. हे मी कुणाला सांगू? सांगितलं तर म्हणतील, बाई, एवढ्यासाठी?

आणि एवढ्यासाठी नाहीच. एका दुपारी सासू झोपली होती, मी भाजी निवडून ठेवली, ओटा पुसला, चप्पल घातली आणि खाली उतरले. दळण आणायला उतरावं तशी. स्टेशनवर भुसावळकडे जाणारी गाडी लागलेली होती, तिच्यात बसले. खिडकीतून ऊस दिसला, मग नवापूरचे डोंगर, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की मी खिडकीचा गज धरून ठेवला. नंदुरबारला उतरून घरी आले तर मायने दार उघडलं, माझ्या मागे बघितलं, भूपेंद्र दिसला नाही तेव्हा पुढचं सगळं तिने स्वतःच ठरवून टाकलं. "धाडी दिधी व मन्ही पोरले," असं म्हणून ती उंबऱ्यातच खाली बसली. पाठवून दिली. झालं, तेच चाललं पुढे. मामाला तेच, शेजारच्यांना तेच, बैठकीतही तेच. पाठवून दिलेल्या मुलीला निदान हळहळ मिळते, निघून आलेलीला काय मिळतं ते मायला माहीत होतं. तिने मला एकदाही विचारलं नाही. तू का आलीस, असं एक वाक्य. मी त्या वाक्याची इतके दिवस वाट बघते आहे की कधी कधी ते मला झोपेत ऐकू येतं, तिच्याच आवाजात, आणि मी उठून बसते.

डिंक आता सुटायला लागला होता. तेलात मऊ झाला की अंगठ्याने रेटायचा, त्याच्या काळ्या शेवया होतात. वर खाण्याचा सोडा भुरभुरायचा आणि स्टीलचा पोत ज्या दिशेने जातो त्याच दिशेने चिंधी फिरवायची, आडवी फिरवली तर ओरखडे जन्मभराचे. मला वाटलं होतं हे जाणार नाही. खरं सांगते, सकाळी मायने बाटली ठेवली तेव्हा मनात हेच होतं, की दिवसभर घासेन आणि तरी माझं नाव तिथे राहील, डाग म्हणून का होईना, आणि माय कपाळाला हात लावेल. पण ते गेलं. अर्ध्या तासात गेलं. मिक्सरचं त्याहून लवकर. ओव्हनचं तर नुसत्या ड्रायरने सुटलं. मी तिरकं होऊन उजेडात बघितलं, बोट फिरवून बघितलं, कुठे काही लागत नव्हतं. इतकं सोपं होतं तर. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते ठरवता येईना म्हणून मी सोनेरी कागदांचा बोळा करून खिडकीतून फेकला.

फिल्टर तेवढा राहिला होता, दुपारच्या गाडीला वेळ होता, आणि मी पायांच्या मधे फिल्टर धरून बसले होते, ओढणी कमरेला खोचलेली, केसांचा कसातरी बुचडा, कोपरापर्यंत तेल. तेवढ्यात फाटक वाजलं. धानोऱ्याचे लोक. चारचे येणारे दीडला आले, कारण शहाद्याचं त्यांचं काम लवकर आटोपलं आणि आपल्याच माणसांकडे जायचं तर घड्याळ कशाला बघायचं. मुलाची आई दगूबाई, उंच, रुंद कपाळाची, आणि मागे मुलाचे वडील, टोपी हातात. माय स्वयंपाकघरातून धावत आली, या म्हणाली, बठा म्हणाली, आणि मग तिला मी दिसले. दगूबाईंनाही दिसले. त्यांनी माझ्याकडे बघून ओळखीचं हसायला तोंड उघडलं, कोण असेल या अंदाजाने. मायचा चेहरा मी पाहिला. तिथे काही नव्हतं, नुसती घाई होती.

"कामले येस ती," माय म्हणाली. "भांडासले."

आधी मला बरं वाटलं. हसू नका, खरंच बरं वाटलं. एका क्षणात मी कुणाची कुणी नव्हते. या बाईला सुरत नाही, मांडव नाही, ती पाच वाजता हात धुऊन आपल्या घरी जाणार, रस्त्याने चालताना तिला कुणी विचारणार नाही की तू कधी आलीस आणि परत कधी जाणार. मी मान खाली घालून फिल्टर घासायला लागले आणि कानात परत पाणी भरलं. ते लोक सोफ्यावर बसले, माय पाणी आणायला आत गेली, मुलाचे वडील फोनमध्ये बघू लागले. त्या पाण्याखाली मी किती वेळ राहिले असते सांगता येत नाही. दगूबाई उठून फ्रीजपाशी आल्या. त्यांनी दारावर हात फिरवला, मग वाकून माझं काम बघितलं. बाई बोलक्या होत्या.

"तेल लावस का तू?"

"हां. आन् मंग सोडा."

"आमना फ्रीजवर आजून तशाच शे तो कागद. काढाले गयं का निम्मा निंघस, निम्मा ऱ्हास." त्या माझ्यासमोरच्या पाटावर टेकल्या. "किती घरनं काम करस व बाई?"

"एकच."

"एकमा कसं भागस?"

"भागस नही," मी म्हटलं. माय पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं. ग्लास टीपॉयवर ठेवताना थोडं पाणी सांडलं, आणि ते पुसायला मी सवयीने चिंधी पुढे केली. तेव्हा मात्र दुखलं. कारण मायने ती चिंधी घेतली, माझ्याकडे न बघता, मोगीबाईच्या हातून घेते तशी. मोगीबाई आमच्याकडे खरोखर कामाला येते. ती कधी माझ्याशी बोलली आणि मी कधी तिच्याकडे नीट बघितलं, मला आठवेना.

रुपा चहा घेऊन आली. केशरी साडी, डोक्यावर पदर, हातात ट्रे. तिला बाहेर काय झालं ते माहीत नव्हतं. तिने दगूबाईंना कप दिला, सासरे होणाऱ्यांना दिला, मायपुढे धरला, आणि मग माझ्याकडे वळली. ट्रेमध्ये चौथा कप माझा होता, निळ्या फुलांचा, मी रोज पिते तोच. माय झटकन म्हणाली, "तिले तिन्हा कपमा दे. खिडकीमा शे तो."

स्वयंपाकघराच्या खिडकीत बाहेरच्या बाजूला मोगीबाईचा कप असतो. कान तुटलेला. तिचा ती धुते आणि तिचा ती ठेवते, आमच्या भांड्यांत तो येत नाही. वर्षानुवर्षं आहे. रुपाने खिडकीच्या दिशेने बघितलं, मग मायकडे, मग माझ्या तेलकट हातांकडे. मी डोळ्यांनी तिला सांगत होते, आण तो कप, अगं आण, एकच तर दिवस आहे, मला चालतं. खरंच चालत होतं मला. त्या क्षणी मला फक्त तिचं गच्चीवरचं हसणं ऐकू येत होतं आणि ते माझ्यामुळे जाऊ नये एवढंच वाटत होतं.

"कोन्हा कपमा?" रुपाने विचारलं. तिने ट्रे सावकाश टीपॉयवर ठेवला, तो निळा कप उचलला आणि दगूबाईंकडे वळून म्हणाली, "हाई मन्ही बहीन शे. मोठी. काजल. सुरतले व्हती, आते आठेच ऱ्हास. हाई समदं सामान तिन्हं शे." तिचा आवाज चढला नाही. शाळेत प्रार्थना म्हणायची तसा सरळ. मग तिने माझ्यासमोर उकिडवं बसून, माझे हात भरलेले म्हणून, कप माझ्या ओठांना लावला. मी एक घोट घेतला. चहा फार गोड होता आणि तो घशाखाली उतरताना सगळ्यांना ऐकू जात असेल असं मला वाटलं.

मुलाचे वडील उठले. दगूबाई बसूनच होत्या. त्यांनी कप खाली ठेवला, भरलेला. आमच्याकडे चहा न पिता सोयरा उठला तर त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

"सरलाबाई, पोर परत येस, ते समजस मी," दगूबाई म्हणाल्या. "घरघरमा व्हस. पन पोटनी पोरले तुमीन कामवाली सांगं?"

माय टीपॉय परत पुसायला लागली. दगूबाईंनी वाट पाहिली, खरंच पाहिली, आणि मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तारीखनं मंग दखसूत. पहिले तुमीन घरमा बोली ल्या." दारात चपला घालताना त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात, दया तर मुळीच नाही, नीट बघून घेतल्यासारखं बघितलं आणि गेल्या.

फाटक लागलं. माय उभीच होती. मला वाटलं आता ती मला बोलेल, आणि मी तयार होते, इतक्या दिवसांचं एकदम येऊ दे. पण ती रुपाला म्हणाली, "तुन्हं लगीन मोडनं व." रुपाने पदर डोक्यावरून मागे टाकला. "त्याले कवानंच माहीत शे ताईनं," ती म्हणाली, "मी सांगेल शे. त्यानी मायले सांगाले तोच घाबरस. आते दख मी त्याले कशी बोलस ते." आणि फोन घेऊन गच्चीवर गेली. जिन्यावर तिचे पाय जोरात वाजले. वरून तिचा आवाज यायला लागला, शब्द कळत नव्हते, नुसतं भांडण कळत होतं. आता ते काय व्हायचं ते होईल. मोडेलही. मोडलं तर रुपा रडेल आणि तिला मी धरून बसेन, हे मी तिथे बसल्या बसल्या ठरवलं, आणि माझ्या हातून घडायची इतकी सरळ गोष्ट कितीतरी दिवसांनी माझ्या पुढ्यात आली होती.

मी फिल्टर परत पायांत ओढला. चिंधी फिरवली, पण बोटं घसरत होती, धरच येईना. माय आत गेली. डबा उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत बेसन होतं. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली, तिचे गुडघे दुखतात तरी मांडी घालून बसली, माझा उजवा हात ओढून मांडीवर घेतला आणि त्यावर बेसन टाकून चोळायला लागली. लहानपणी दिवाळीला तेल लावल्यावर असंच चोळायची. पिवळ्या गोळ्या होऊन खाली पडत होत्या. ती माझ्या हाताकडे बघत होती, एकेक बोट सुटं करत होती.

"त्यासनी तुले धाडं," ती म्हणाली. वर रुपाचा आवाज बंद झाला होता. "का तू निंघनी?"

मी इतक्या वेळा हे ऐकलं होतं झोपेत, आणि तेव्हा माझ्याकडे केवढी मोठमोठी उत्तरं असायची. आता एवढंच निघालं.

"मी निंघनू, माय. मीच."

मायचे हात थांबले नाहीत. अंगठ्याच्या बेचक्यात तेल राहिलं होतं तिथे तिने अजून थोडं बेसन लावलं, तिथेच चोळत राहिली, बराच वेळ, कातडी लाल होईपर्यंत.

"मंग सांग," ती म्हणाली. "पहिल्यापायीन सांग."